दोराच्या टोकाचे ठोके

कोणीच बोलत नव्हतं. खाणीच्या तोंडाशी, खाली नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात पहिल्या पाळीची माणसं श्वास रोखून उभी होती. इथला रिवाजच तसा, पिंजरा हलेपर्यंत शब्द काढायचा नाही. घंटा झाली होती. नियंत्रण-खोलीत वंदना उरकुडेने दांडा पुढे ढकलला होता. पण दोर गुंडाळणारा तो प्रचंड ढोल निश्चल होता, जणू काही आठवू पाहत असलेला.

"बंद पडलं का मॅडम?" वंदनाने विचारलं.

"नाही." मोटरीचं नियंत्रण बसवायला आलेल्या संशोधक डॉ. केतकी साठ्ये पडद्यावरून नजर काढेनात. "मोटरच नको म्हणते आहे. उतरवा सगळ्यांना."

माणसं कुरकुरत उतरली. सर्वांत शेवटी उतरलेला दिलीप, वंदनाचा नवरा, दोन पावलं चालला आणि मटकन खाली बसला.

दवाखान्यातून निरोप यायला दुपार झाली. हृदयाची लय बिघडली होती. वेळेवर आणला म्हणून वाचला. वंदना आधी रडली, मग डबा उघडून पोटभर जेवली.

"पण मोटरीला कसं समजलं? तिला काय कान हायेत?" तिने विचारलं.

केतकी तिच्याजवळ बसल्या. खाणीच्या नव्या मोटरीसाठी नियंत्रणाच्या तीन पद्धतींतून एक निवडायची होती. पहिलीत विजेचा दाब आणि तिची आवर्तनं एका ठरावीक प्रमाणात ठेवायची. दोराला काय लटकलं आहे, याची विचारपूस नाही. दुसरीत आसावर एन्कोडर, म्हणजे फेरे मोजणारी तबकडी. ती कोळशाच्या धुळीत टिकत नसे. तिसरी केतकींची स्वतःची: अनुमान-नियंत्रण. सध्या तिचीच चाचणी चालली होती.

"विहिरीतून बादली ओढताना न पाहताही कळतं ना, भरली आहे की अर्धी?"

"हातालाच समजते."

"मोटरीचा हात म्हणजे तिच्यातून वाहणारी वीज. ढोल धरून ठेवताना दोराचा प्रत्येक कंप त्या विजेत उमटतो. छातीत ठोका पडला की पिंजराही हलतो, डोळ्यांना न दिसेल इतका. तुमची माणसं गप्प उभी राहतात, म्हणून ते टिपता येतं. भार अचूक ओळखायचा तर मोटरीला एकेकाचे ठोके वेगळे काढावेच लागतात. मागच्या आठवड्यात एक ठोका चुकत होता. आम्हांला वाटलं, बेअरिंग गेलं. बदललं. आज तो ठोका इतका बिघडला, की भार ठरेना; मोटर अडून बसली."

"नवरा माझा, अन् बदललं बेअरिंग!" वंदना खळखळून हसली.

व्यवस्थापक खोब्रागडे आले. "तिसरीच पद्धत पक्की करू." ते वंदनाकडे वळले. "ताई, हरकत?"

"हरकत कशाची साहेब? माणूस मिळाला मले."

दुसऱ्या पाळीची घंटा झाली. बातमी आधीच पोचली होती.

"बायकोपासून लपवलं ते आता मोटरीले समजन!" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

हशा पिकला. पण आपलाही ठोका चुकला तर काम जाईल, या धास्तीने पिंजऱ्यात पाऊल कोणी टाकेना.

"सरका बे, भेकडहो." सर्वांत वयस्कर डोमाजी एकटाच आत शिरला. "मॅडम, माझंबी ऐकून घ्या एकदा. पोरीचं लगन हाय यंदा. उतरू का नको?"

त्याने गज धरले, डोळे मिटले, श्वास रोखला. पिंजऱ्याजवळ उभ्या केतकींच्या हातातल्या लहानशा पडद्यावर एक रेघ धावू लागली. आता आत दुसरं कोणीच नव्हतं. रेघ केवळ त्याची होती. पडदा ज्याच्या हाती, त्या कोणालाही ती वाचता आली असती.

"सांगा ना मॅडम," डोमाजी डोळे न उघडता म्हणाला. "सोडू का श्वास?"

केतकींनी पडदा कोणाला दिसू नये असा छातीशी धरला आणि, कोणाकडेही न पाहता, पद्धत पक्की होण्याआधी खोब्रागडेंना थांबवायला त्या कार्यालयाच्या दिशेने चालू लागल्या.