निळ्या शर्टाच्या चिंध्या

“आधी दाब. मग रड.”

हा आवाज उत्कर्षानं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तिच्या हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती. कांदा चिरताना बोट विळीवर गेलं. ती किंचाळली. तिचा नवरा सिद्धू अंगणातून धावत आला, तिचाच अंगठा तिच्या बोटावर दाबून धरायला लावला आणि एवढंच बोलला. मग त्यानं चिंधी गुंडाळली. तिचं टोक दातांत धरून मधोमध फाडलं, दोन शेपट्या केल्या, त्या हाताच्या पाठीवरून मागं ओढल्या आणि गाठ मनगटापाशी मारली.

“जखमेवर गाठ मारायची न्हाई. रुतती,” तो म्हणाला. “आयेनं शिकवलंय.”

आये म्हणजे बानूबाई. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. लोकर उतरवताना कातरीचं टोक मेंढराला लागो की माणसाला, ती असंच बांधायची.

आता पुढचं सांगायचं ते खरं घडलेलं आहे. माण गावात. मागल्या उन्हाळ्यात, होळी झाल्यावरच्या एका गुरुवारी त्याची सुरुवात झाली. रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. भर दुपार होती आणि छपराचा पत्रा उन्हानं कडकड वाजत होता.

म्हणूनच उत्कर्षाला आजही रात्रीची भीती वाटत नाही...

दुपारची वाटते.

सिद्धू तेव्हा या जगात नव्हता.

गावाची कुरणं गेली, तिथं काचेच्या इमारती आल्या, तशी घरानं मेंढरं विकली आणि सिद्धू शेजारच्या चांदे गावातल्या एका शेडमध्ये लोखंडी गेटं बनवायला लागला. तिथं एका संध्याकाळी कटरची चकती फुटली. तुकडा त्याच्या मांडीत शिरला. पोरं धावली. कुणी फोन लावला, कुणी पाणी आणलं, कुणी गाडी काढली. पण मांडीला वरून घट्ट कापड आवळावं, हे त्या गोंधळात एकालाही सुचलं नाही. अख्ख्या शेडची कापलेली बोटं ज्यानं बांधली, त्याला बांधायला कुणी नव्हतं.

दवाखाना लांब वाकडला होता. आणि कंपन्या सुटायची वेळ होती.

बानूबाईनं सुनेला एकच विचारलं होतं. “माजं पोर लई तळमळलं का गं?”

“न्हाई आत्ती. जाग्यावरच गेले. कायबी कळलं न्हाई त्यास्नी.”

म्हातारीनं मान हलवली. रडली नाही. पुढं कधी त्याचं नावही काढलं नाही. पदर खोचला आणि सुनेला घेऊन खाणावळ सुरू केली. कंपनीतल्या पोरांचे डबे, दुपार-संध्याकाळ.

वरच्या खोलीत पियूष भाड्यानं राहायचा. अकोल्याचा, घरून काम करणारा. जेवायला यांच्याकडंच. त्याच्याकडं आणखी एक काम होतं.

त्या घरात अख्खा लाल भोपळा बाईनं फोडायचा नाही, अशी रीत. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक. त्याला पहिली सुरी गडीमाणसानं लावायची, मग बायकांनी हवा तसा चिरायचा. सिद्धू होता तोवर सिद्धू लावायचा. आता बानूबाई जिन्याखाली उभी राहून हाक मारायची.

“ए इंजनेर! खाली ये. सुरी लावायची हाय.”

“काकू, मीटिंग चालू आहे माझी!”

“मग मीटिंगला म्हणावं, भोपळा वाट बघतोय.”

पियूष कानातली वायर तशीच ठेवून खाली यायचा आणि भोपळ्यात सुरी खुपसायचा. “माझ्या आईला कळलं ना, तर लग्न जमवायची बंद होईल ती माझं.”

“उलट लवकर जमवंल. म्हनंल, पोरगं कामाचं निघालं.”

त्या गुरुवारी पियूषला नेमकं ऑफिसात बोलावलं होतं. गुरुवार म्हणजे दुपारची लाइट जायची. पंखा बंद, मिक्सर बंद, शेजारचा टीव्ही बंद. उत्कर्षा डबे पोचवायला गेलेली. संध्याकाळच्या भाजीला दुसरं काही नव्हतं...

बानूबाईनं भोपळा स्वतःच विळीवर घेतला.

उत्कर्षा परत आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत भुईवर रक्त. विळी आडवी पडलेली. भोपळा अर्धा फाटलेला. आणि भिंतीला टेकून म्हातारी बसलेली.

ती हसत होती.

सिद्धू गेल्यापासून उत्कर्षानं ते हसू पाहिलं नव्हतं.

“आत्ती! कसं कापलं? बघू!”

उजवा तळवा बांधलेला होता. नीट, घट्ट.

“कुणी बांधलं?”

“मीच.”

उत्कर्षानं हात जवळ घेतला. गाठ मनगटापाशी होती. डाव्या हातानं एकटीला बसणार नाही अशी गाठ. चिंधीचं टोक मधोमध फाडलेलं. तिनं त्या टोकाला बोट लावलं...

ते ओलं होतं.

दातांत धरल्यासारखं.

मग तिला कापड दिसलं. निळ्या चौकडीचं.

सिद्धूचा एकच निळा चौकडीचा शर्ट तिनं ठेवून घेतला होता. आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलूप आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. तिनं कुलूप काढलं. शर्ट जसा घडी घालून ठेवला होता तसाच होता. तिनं तो उचलला. घडी उलगडली.

एक बाही नव्हती.

आणि पेटीतून वास आला. कपड्यांचा नाही, डांबरगोळ्यांचा नाही. कटर चालल्यावर सुटतो तो, जळक्या लोखंडाचा.

त्यानंतर बानूबाईचा हात वरचेवर कापायला लागला. कधी नारळ फोडताना कोयता लागे, कधी सुरण चिरताना विळी. आणि कापायचा तो गुरुवारीच. लाइट गेल्यावर. घरात दुसरं कुणी नसताना.

शेजारची गंगूबाई चेष्टा करायची. “बानू, भाजी चिरतीयास का हात? पोरं म्हनतील, आज रश्श्याला रंग कसा आलाय!”

“तुज्या रश्श्याला कवा आला हुता का रंग?” बानूबाई तेवढ्याच ठसक्यात म्हणायची, आणि बांधलेला हात पदराखाली झाकून घ्यायची. लेकरू झाकावं तसा.

पेटीतला शर्ट कमी कमी होत गेला. दुसरी बाही गेली. मग पाठ. मग खिसा.

उत्कर्षा कुणाला काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर, तिच्या मनात भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी होतं. ते तिला स्वतःलाही कबूल करवत नव्हतं.

एका गुरुवारी टोमॅटोवरून सुरी घसरली आणि तिचंच बोट कापलं. खोल. मुद्दाम नाही, खरोखरचं. घरात कुणी नव्हतं. पंखा बंद. बाहेर ऊन.

तिनं अंगठ्यानं दाबलं नाही.

ती थांबली. आतल्या खोलीकडं कान लावून...

पत्रा वाजला. लांब कुठंतरी गाडीचा हॉर्न वाजला.

बाकी काही नाही.

रक्त मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. तिनं हळूच हाक मारली, “अहो...” आतली खोली तशीच गप्प. कापड फाटलं नाही. वास आला नाही. शेवटी तिनं स्वतःच हळद दाबली, स्वतःच चिंधी बांधली आणि चुलीकडं तोंड करून रडली.

आईला बांधतो. मला नाही.

पावसाळा जवळ आला तशी बानूबाईची एक जखम चिघळली. करंगळी काळी पडली. पियूषनं स्वतःच्या गाडीवर दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी पट्टी न्याहाळली.

“हे कुणी बांधलं? छान बांधलंय.”

बानूबाई लाजली. “घरातलंच हाय एक.”

मग डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि उत्कर्षाला बाहेर बोलावलं. “यांना साखर आहे. जखमा भरतच नाहीत. आता आणखी एक झाली, तर बोटावर भागणार नाही. हात जाईल. कदाचित माणूसही. सुऱ्या-विळ्या लांब ठेवा त्यांच्यापासून.”

उत्कर्षानं ऐकलं. घरातली विळी, सुऱ्या, कोयता, सगळं तिनं गंगूबाईकडं नेऊन ठेवलं. चिरायचं काम ती तिथंच बसून करायला लागली.

पुढचा गुरुवार आला तेव्हा ती डबे घेऊन निघाली, पण पुलापाशी पोचली आणि थांबली. का, ते तिला आजही सांगता येत नाही. डबे तिथल्याच ओळखीच्या पानटपरीवर ठेवले आणि ती धावत मागं फिरली.

दार लोटलेलं होतं.

आतून ओवी ऐकू येत होती. अगदी हळू. बानूबाई गात होती.

*कापलं माझं बोट, रगत भुईवरी*
*बांधाया ये रे राघू, फिर रे माघारी*

उत्कर्षानं फटीतून पाहिलं.

म्हातारी भुईवर मांडी घालून बसली होती. पुढं ताट नव्हतं. भाजी नव्हती. मांडीवर मेंढरं कातरायची जुनी लोखंडी कातर होती. माळ्यावरच्या पोत्यातून काढलेली. गंजलेली. बानूबाईनं तिची दोन्ही पाती उघडली होती आणि डाव्या हाताचा तळवा त्यांच्यामध्ये ठेवला होता. सावकाश. समजून उमजून.

एवढ्या साऱ्या जखमांमधली पहिली तेवढी चुकून झाली होती.

“आत्ती!”

उत्कर्षानं झडप घालून कातर धरली. म्हातारीच्या अंगात एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“सोड पोरी. त्येला यायचंय.”

“हात जाईल तुमचा! डॉक्टरीण काय म्हणाली ठावं हाय का?”

“जाऊं दे. हात घिऊन काय करू? चिंधी बांधूस्तवर माजा हात धरतोय तरी त्यो. त्येचं बोट थंडगार लागतंय मनगटाला. पर बोलत न्हाई. मी दर खेपंला इचारते, बाळा, त्या टायमाला तू मला हाक मारली हुतीस का? गाठ मारतोय आन् जातोय.” तिनं कातर आणखी आवळली. “जाग्यावर गेला म्हंता तुमी समदी. पर आईबिगर जातंय का लेकरू? येकदा तरी ‘आये’ म्हणाला आसंल. तेवढं कळू दे मला. कळलं की बास. तवर मी हात म्होरं करणार.”

आणि तेव्हा...

टर्रर्र.

आतल्या खोलीतून. बंद पेटीतून. कापड फाटल्याचा आवाज.

बानूबाईचा चेहरा उजळला. “आला.”

उत्कर्षाच्या गळ्यातल्या दोऱ्यात किल्ली होती. तिला ती छातीला लागत होती, बर्फासारखी. जळक्या लोखंडाचा वास खोलीभर पसरला. आता त्या शर्टाची नुसती कॉलर आणि बटनपट्टी उरली होती. (त्या दिवसानंतर तिनं ती पेटी उघडलेली नाही. आत काय राहिलंय, कुणालाच माहीत नाही.)

टर्रर्र...

आता आवाज पेटीतून नव्हता. उंबऱ्यातून होता.

बानूबाईनं कातर पुन्हा ओढली. पात्याची धार तळव्याला टेकली. बारीक लाल रेघ उमटली.

भिकू नावाचा शेडमधला पोरगा होता. गाडीत सिद्धूचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं. राख सावडली त्या दिवशी त्यानं उत्कर्षाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं, आणि तिनं त्याला शपथ घातली होती. कुणाला बोलायचं नाही. आत्तींना तर नाहीच. म्हातारीला सोसवणार नाही, असं ती म्हणाली होती. भिकूला ते पटलं होतं. हळूहळू तिला स्वतःलाही पटलं होतं.

तिनं सासूचे दोन्ही हात, कातरीसकट, आपल्या छातीशी धरले. उंबऱ्याकडं बघायचं धाडस तिला झालं नाही.

“आत्ती, ऐका. मी खोटं बोलले.”

म्हातारी थबकली.

“जाग्यावर न्हाई गेले त्ये. चांद्यापासनं वाकडपातुर शुद्धीत हुते. गाड्या हालत नव्हत्या. समदा रस्ता जाम. भिकूनं डोकं धरलं हुतं, आन् त्ये हाका मारत हुते, आत्ती. आये म्हनून. गप झालेच न्हाईत. रस्ताभर... तुमालाच.”

फाटायचा आवाज थांबला.

बानूबाईच्या बोटांतून कातर सुटली, भुईवर पडली. तिनं मान वर केली. “मग... येवढे दीस का न्हाई सांगितलंस गं पोरी?”

उत्कर्षाच्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागत होता. थंड. अगदी जवळ. ती वळली नाही.

“कारन माजं नाव न्हाई घेतलं त्यांनी,” ती म्हणाली. “येकदाबी न्हाई.”