मॉरिसच्या ब्रेकची हवा

हिरामण दुसऱ्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर तेलाचे हे एवढाले डाग होते. क्रांतीला वाटलं, संपलं, आता हा चार ट्रकवाल्यांसमोर आपली शोभा करणार.

पहिल्यांदा तो कधी येऊन गेला हे तिला धड आठवतही नव्हतं. रबाळ्याच्या नाक्यावरचं नंदकिशोरशेठचं ऑइलचं दुकान म्हणजे सकाळपासून नुसती झुंबड. त्या गर्दीत कुणीतरी म्हणालं होतं, जुनी गाडी आहे, चांगलं ऑइल द्या. तिनं मान वर न करता दुकानातलं सगळ्यात नवं, मारुतीत घालतात ते पातळ ऑइल काढून दिलं होतं. पोरगी बी.एस्सी. झालेली, तीही केमिस्ट्रीत. पण ते साल होतं अठ्ठ्याण्णव, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्या एकेक करून कुलपं लावत होत्या, आणि लॅबमध्ये नोकरी मागायला गेलं की वॉचमनच परत पाठवायचा. मग काउंटर तर काउंटर.

"तुमचं ऑइल लय चांगलं हाय," हिरामण म्हणाला. "रात्रीतनं सगळं अंगनात आलं."

आणि हसला. भांडायला आलेला माणूस असा हसत नाही. क्रांती उगाचच काउंटर पुसत बसली.

तिनं विचारलं, गाडी कुठली? तर मॉरिस मायनर. तळवलीच्या देवजींनी, म्हणजे हिरामणच्या बापानं, सिडकोत जमीन गेली त्या वर्षी ठाण्याच्या एका पारशाकडून हौसेनं आणलेली. तेव्हापासून गावातला एकेक नवरदेव त्या गाडीतून लग्नाला गेला होता. नवरदेव, मामा आणि करवली एवढेच कसेबसे मावायचे, बाकीचं वऱ्हाड मागून टेम्पोत. आताही एक लग्न आलं होतं, म्हणूनच ही सगळी खटपट.

क्रांती मनातून ओशाळली. चूक तिचीच होती. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षांचा काळा गाळ सांध्यासांध्यात बसलेला असतो, नवं ऑइल तो धुऊन काढतं आणि मग सगळीकडून गळती लागते. हे तिला कळायला हवं होतं. त्या दिवशी तिनं कुठल्या गाडीला कुठलं ऑइल याचा माळ्यावरचा जुना तक्ता शोधला, धूळ खाल्ली, शिंकली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जाडं, चाळीस नंबरचं ऑइल दिलं. म्हणाली, हे थोडं चालवा, काढून टाका, परत हेच ताजं घाला. एकदम सगळं करायला जाऊ नका, जुनी गाडी आहे.

आता यात त्याला वरचेवर बोलवायचा डाव होता का? नव्हता हो. निदान तेव्हा तरी नव्हता.

पण तो येत राहिला. उरणच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा, पाळी सुटली की यायचा. गिअरबॉक्सवरून दोघांची चांगलीच जुंपली. तो म्हणे, गिअरमध्ये गिअर ऑइलच जातं, हे शेंबडं पोर पन सांगेल. ती म्हणे, या गाडीला जात नाही, इंजिनचंच घालायचं. शेवटी तिनं तक्ता समोर धरला, तेव्हा कुठं त्यानं मानलं. मग रेडिएटरची पाळी आली. तळवलीची विहीर खाडीला लागून, पाणी मचूळ, आणि देवजी इतकी वर्षं तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतत आलेले. आत मिठाचा खडक झाला होता. तिनं डिस्टिल्ड वॉटरचे कॅन त्याच्या हातात दिले तर म्हणतो कसा, "आमी जे पीत नाय असं पानी गाडीला पाजायचं?"

"गाडीची किंमत ठेवायची असेल तर पाजायचं."

"आनि मानसाला काय पाजता तुमी?"

"माणसाला चहा," असं बोलून गेली, आणि मग खरंच मागवावा लागला.

तो बशीत ओतून प्यायचा, फुंकर मारताना वर बघायचा… आणि क्रांतीला त्या वेळी नेमकं बिलबुक सापडायचं नाही. बाहेर माघातलं ते घाणेरडं धुकं असायचं, कंपन्यांच्या धुरात मिसळलेलं, घशात खवखवणारं. पण तो येऊन गेला की तिला तेही बरं वाटायचं. पोरीनं मनातल्या मनात केवढे मांडे खाल्ले, ते तिचं तिलाच ठाऊक.

एक दिवस तिनं सहज विचारलं, लग्न कुणाचं आहे?

त्यानं बशी खाली ठेवली. "माजंच."

मुलगी जासईची, नाव वैशाली. साखरपुडा होऊन दोन वर्षं झाली होती. देवजींच्या छातीत कळ आली तेव्हा घाईघाईनं ठरवलेलं, मग त्यांच्या आजारपणात राहून गेलेलं. आता फाल्गुनात बार उडवायचा होता. त्यानं हे सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. क्रांतीनं "अभिनंदन" म्हटलं. शब्द तोंडातून बरोबर बाहेर आला, पण बिलावरची तारीख मात्र तिनं दोनदा चुकवली.

त्या दिवसापासून दुकानात जीव लागेना. आपणच निवडून निवडून एकेक वस्तू द्यायची, आणि त्या गाडीनं त्याला घेऊन जासईला जायचं! बरं, हे सांगायचं कुणाला? हिरामण आगरी, ती बौद्ध. वडील भगवानराव परभणीकडून आलेले, कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत ताठ मानेनं राहणारे. तळवलीत सून म्हणून आपल्याला कोण आणेल, आणि बाबा तरी कुठं पाठवतील? ठरलेलं लग्न होतं, ते होऊन जाणार होतं. आपण वेड्यासारखं रडायचं नाही, एवढंच तिच्या हातात होतं.

तरी तो यायचा. आता ब्रेक धरला की सुटत नव्हता, चाकं तापायची. ब्रेक ऑइल कुठलं घालता म्हणून तिनं विचारलं, तर त्यानं टाकीतलं थोडं बाटलीत काढून आणलं. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली की त्या टाकीचं झाकण लागतं. बाटलीतलं ऑइल पिवळं, वर तवंग. क्रांतीनं वास घेतला. परत घेतला.

"हिरामण, याला हळदीचा वास येतोय."

तो आधी लाजला, मग सांगू लागला. दर लग्नाला, नवऱ्याला हळद लागली की देवजी त्याच हळदीच्या तेलातलं चमचाभर या टाकीत घालायचे. नवऱ्याला हळद लागली, गाडीला नको? क्रांती हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग लक्षात आलं की हसणं कधीच थांबलंय आणि पाणी तेवढं चाललंय. पदरानं डोळे टिपून तिनं कोरड्या आवाजात समजावलं. खायच्या तेलानं आतली रबरं फुगतात, म्हणून ब्रेक अडकतो. सगळी रबरं बदला, पाईप स्पिरिटनं धुवा, नवं ब्रेक ऑइल भरा. आणि तुमच्या हळदीला बाबांना चमचा लावू देऊ नका.

"माज्या हळदीला," तो नुसता म्हणाला.

रबरं त्यानं स्वतः बदलली. उरली होती पाईपांतली हवा काढायची, आणि ती एकट्याला जमत नाही. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली पडून चाकामागचा पेच सोडायचा, हवा आणि तेल बाहेर आलं की आवळायचा. पेच उघडा असताना वरच्यानं पाय उचलला तर हवा परत आत, सगळी मेहनत पाण्यात. देवजींच्या पायात आता तेवढा जोर नव्हता. शेठ जेवायला गेले होते, दुकानाशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मॉरिस उभी होती, आणि हिरामण दारात येऊन, पाय देता का म्हणून विचारत होता.

ती आत बसली. जुन्या रेक्झिनचा वास, समोर गढूळ आभाळ. खालून आवाज यायचा, दाबा… धरा… सोडा. एक चाक झालं. दुसरं, तिसरं. शेवटच्या चाकाला तो म्हणाला, दाबा. तिनं दाबला. म्हणाला, धरा. पेच सुटल्यावर पाय तळाला टेकला. आणि पुढचा शब्द येईना.

"आवळा की," ती म्हणाली.

"मला बोलायचंय."

"आधी आवळा. हवा जाईल आत."

"म्हनूनच. तुमाला उठून जाता येनार नाय."

क्रांतीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. खालून तो हळूहळू बोलला. वैशालीला हो म्हटलं तेव्हा त्यानं क्रांतीला पाहिलं नव्हतं. आता यार्डात क्रेनवर बसलं तरी हिचंच बोलणं ऐकू येतं. गाडीला काही झालं नसतं तरी तो आला असता.

"तुमी नाय म्हना. मी पेच आवळतो, गाडी घेऊन जातो, परत दिसनार नाय."

तिनं पाय उचलला नाही. नाही म्हणणं किती सोपं होतं. दोन्ही घरं सुखी राहिली असती.

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "पण तुमचं ठरलेलं मोडा असं मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. ठरवलंत तर आधी जासईला जा. त्या मुलीला स्वतः सांगा, समोर उभं राहून. मग तुमच्या बाबांना. आणि नाही जमलं तर येऊ नका. मी वाट बघणार नाही."

"खोटं बोलताय."

"हो."

पेच आवळल्याचा आवाज आला.

त्यानंतर तो आला नाही. फाल्गुन लागला. क्रांती ट्रकवाल्यांना ऑइल देत होती, बिलं फाडत होती, आणि रस्त्यावर जुन्या इंजिनाचा आवाज आला की हात जागीच थांबत होते. शेठनी दोनदा विचारलं, बरं नाही का? बरं आहे म्हणाली. गेला असेल जासईला नवरदेव होऊन, अशी स्वतःची समजूत घातली. तिनंच तर गाडी जाण्याजोगी करून दिली होती.

एका संध्याकाळी ती शटर ओढत होती तेव्हा तो रस्ता ओलांडून आला. चालत. हातात एक पिशवी, दाढी वाढलेली.

काय झालं ते त्यानं शटरला टेकून सांगितलं. जासईला गेला तेव्हा वैशालीनं पाहुणा आला म्हणून आधी पाणी आणून दिलं. मग त्यानं सांगितलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, 'दोन वर्सं थांबलेली हाय मी. हे आदी सांगाया काय झालतं?' आणि आत गेली. घरी देवजींनी सगळं ऐकलं. किल्ली मागून घेतली, मॉरिसमध्ये जाऊन बसले आणि काचा वर केल्या. आई काचेवर हात मारत राहिली. पोरगा घराबाहेर पडला तरी त्यांनी मान वळवली नाही.

क्रांतीला वाटलं होतं, तो आला तर आपल्याला आनंदानं वेड लागेल. लागलं नाही. काचेआडचा तो म्हातारा आणि पाण्याचा पेला घेऊन उभी असलेली ती मुलगी, दोघंही तिच्या छातीवर येऊन बसली, आणि तिला कळलं की ती दोघं आता कायमची तिथंच राहणार. तरी तिनं हिरामणचा हात धरला, भर नाक्यावर.

"तुमच्या घरी काय म्हनतील?"

"माहीत नाही."

"गाडी पन नाय आता माज्याकडं."

"बसनं जाऊ."

स्टॉपवर बराच वेळ बस आली नाही. तो पिशवी या हातातून त्या हातात घेत होता, घसा खाकरत होता, तिच्या बाबांशी बोलायची सुरुवात कशी करायची ते जुळवत होता.

"घाबरू नका," क्रांती म्हणाली. "बाबाही आधी पाणी देतील."

बस आली तेव्हा आधी ती चढली, आणि मागं वळून तिनं त्याची पिशवी हातात घेतली.