चिखल सोडणारा पाय

पांढरकवड्याच्या बसनं जोरात गचका खाल्ला आणि माझ्या बॅगेतला रबरी पाय शेजारच्या तरुणाच्या मांडीवर जाऊन पडला.

“मॅडम, पाय तुमचाच ना?” त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं.

मी हसू दाबत सांगितलं... बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, हा आमचा प्रोजेक्ट. शेतात काम करणाऱ्यांसाठी कृत्रिम पाय.

“काळ्या मातीत हा दोन पावलंही नाही चालत.”

“काहून? तुम्हाले एवढी खात्री?”

त्यानं डावी पँट जराशी वर केली. बुटाच्या वर धातूची नळी होती. “मळणीयंत्रात गेला, तीन वर्षं झाले. कपिल नाव माह्यं. कपाशी हाय पाच एकर. या, तपासून पाहा.”

रविवारी आमची चौघांची टीम त्याच्या शेतात पोचली. त्यानं आमचा पाय लावला. तिसऱ्याच पावलाला चिखलानं तो धरून ठेवला आणि कपिल तोंडावर आपटला. मी त्याच्याकडे धावले. तो मात्र नाकावरचा चिखल पुसत उठून बसला.

“मजबूत हाय मॅडम! जागाच सोडत नाही!”

सगळे हसले. माझे डोळे भरून आले. ते पाहून त्यानं चिखलात उभ्या असलेल्या त्याच्या बैलाकडे बोट दाखवलं. “त्याचा खूर पाहा. टेकला का फाकते, उचलला का मिटते. फटीतून हवा शिरते, चिखल सोडते.”

मी खूर पाहिला. मग, खोटं कशाला बोलू, बराच वेळ कपिललाच पाहिलं.

त्यानंतर दर रविवारी नवा तळवा. मी स्क्रू आवळायची, तो माझ्याकडे बघायचा, मी स्क्रूकडे! चाचणी चालू आहे तोवर मन आवरायचं, हे मी ठरवलं होतं. सातवा तळवा खुरासारखा दुभंगलेला होता. कपिल भर चिखलातून शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत गेला, वळला आणि परत आला. एकदाही न थांबता.

प्रोजेक्टची परीक्षा झाली. पुढच्या रविवारी मी एकटीच गेले.

“टीम कुठं हाय?”

“नाही आणली.”

“मंग... कायले आल्या?”

“चाचणी संपली, कपिल. तुम्हाले भेटाले आली. आवडता तुम्ही मले.”

कायम उत्तर तयार असणारा हा माणूस कानापर्यंत लाल झाला.

“मी दर रविवारी सकाळपासून धुऱ्यावर उभा राहो,” तो हळूच म्हणाला. “वाटे... हा पाय लवकर बनूच नये.”