दोन ब्लेडांची फट

मनकर्णाबाईंच्या त्या पत्राला बसप्पा मिस्त्रींनी उत्तर दिलं नव्हतं.

सव्वीस वर्षं झाली.

निळं आंतरदेशीय पत्र. मानवतहून आलेलं. आत जेमतेम पाच-सहा ओळी.

"माझे मालक दारू पिऊन गाडीवरून पडून वारले, असं सासरचे म्हणतात. ते थेंबाला शिवत नव्हते. इंजिन तुम्हीच बांधलं होतं आणि नंतर गाडी आणली तीही तुमच्याकडंच. गाडीत काही खोट होती का? एक ओळ लिहा. माझ्या लेकीला मोठी झाल्यावर काय सांगू?"

बसप्पांनी ते पत्र बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. आणि खोकं फळीवर, सगळ्यात मागे.

पुढे जे घडलं ते रचलेलं वाटेल. पण जिंतुरात बसप्पांचं गॅरेज आजही आहे आणि बसप्पाही आहेत. कमी बोलणारा, लाजाळू माणूस. गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसणारा. त्यांना खोटं बोलता येत नाही. आयुष्यात एकदाच बोलले, तेही तोंड न उघडता.

गेल्या वर्षीचा मे. रविवार. दुपारचे दोन.

हो, दुपारचे. अशा गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर माणूस नसतो. कुत्रंसुद्धा नसतं.

चार दिवसांपूर्वी परभणीच्या दातांच्या डॉक्टर मधुवंती एक इंजिन ठेवून गेल्या होत्या. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद.

"काका, राजदूतचं आहे. भंगारवाल्याकडं मिळालं. क्रँक जाम आहे. सगळे म्हणतात फेकून द्या."

"दात दुखला म्हणून तुमी डोकं काढता का?" बसप्पा म्हणाले, आणि आपण एवढं बोललो म्हणून स्वतःच लाजले.

"बघा! म्हणून तर तुमच्याकडं आणलं."

रविवारी एकच्या सुमारास बायको शिवम्मा डबा घेऊन आली.

"जेवून घ्या आधी. का आज बी नटबोल्टच खाणार हाव?"

"ठेव तिथं. आलोच."

"आलोच म्हनं! चाळीस वर्षं झाली, अजून यायलेत!"

ऊन आत येऊ नये म्हणून तिनं जाताना शटर कमरेइतकं खाली ओढलं.

बसप्पांनी क्रँक डिझेलमध्ये घासायला घेतला. काळं ग्रीस निघालं... आणि लोखंडावर तीन ठिपके दिसले.

बेलाच्या पानासारखे तीन ठिपके.

ही त्यांचीच खूण. आपण बांधलेल्या प्रत्येक क्रँकवर ते लोखंडी पंच ठोकून उठवत. बाजूला तारीखही कोरलेली होती. सप्टेंबर अठ्ठ्याण्णव.

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

टू-स्ट्रोकचा क्रँक म्हणजे दोन जाड लोखंडी चकत्या. मधे पिन. पिनेवर कनेक्टिंग रॉड. प्रेसखाली चकत्या एकमेकींकडे दाबत आणायच्या. पण रॉडच्या दोन्ही अंगांना बारीक फट राहिली पाहिजे. बसप्पा दोन्हीकडे दाढीची दोन-दोन ब्लेडं ठेवून दाबत आणि मग ब्लेडं ओढून काढत. तेवढी फट म्हणजे रॉडचा श्वास. ती नसेल तर इंजिन तापून धरतं, आणि भर वेगात मागचं चाक जागच्या जागी अडकतं.

हा क्रँक बांधला त्या दिवशी मनकर्णाबाईंचे मालक भुजंगराव डोक्यावर उभे होते. गुरांच्या दवाखान्यातले ड्रेसर. चारठाण्याला एक गाय अडली होती.

"मिस्त्री, उरका. मुकं जनावर हाय."

ब्लेडं सापडेनात. बसप्पांनी नजरेच्या अंदाजानं दाबलं.

तासाभरानं भुजंगराव चारठाण्याच्या वळणावर गाडीवरून पडले आणि जागीच गेले.

गाडी गॅरेजात आणली तेव्हा किक खाली जाईना. इंजिन धरलं होतं, हे बसप्पांना तेवढ्यावरून कळलं. पंचनाम्याला आलेले लोक विचारू लागले, तेव्हा ते मान खाली घालून बसले. त्या मानेचा अर्थ लोकांनी आपापला लावला.

आता तोच क्रँक समोर होता. रॉड एका चकतीला चिकटलेला. भोवती जळाल्याचा निळा डाग.

निदान आता तरी नीट करू, असं त्यांच्या मनात आलं. जुनी पिन काढली. नवी पिन, नवा रॉड. दोन्हीकडे दोन-दोन ब्लेडं. प्रेस दाबला. मोजून, हळू.

ब्लेडं ओढली...

निघेनात.

पुन्हा उकललं. पुन्हा दाबलं. दोन्ही अंगांनी फट मिटलेली. रॉड ताठ.

तिसऱ्यांदाही तेच.

घाम पुसायला त्यांनी मान वर केली. शटर गुडघ्याइतकं खाली आलं होतं.

आवाज आला नव्हता. ते गंजकं शटर बोटभर हललं तरी अख्खी गल्ली जागी होते.

आणि मग गल्लीच्या टोकाला गाडी वाजली... टू-स्ट्रोक. जवळ आली. शटरसमोर थांबली. इंजिन चालूच.

"कोन हाय?"



बसप्पांनी वाकून पाहिलं. पुढचं चाक. मागचं चाक. स्टँड वर केलेला. गाडी सरळ उभी.

जमिनीला टेकलेले पाय मात्र नव्हते.

इंजिन बंद पडलं. बंद केल्यासारखं नाही... धरल्यासारखं. गचकन.

आणि शटर जमिनीला टेकलं.

काळोख. जळक्या ऑइलचा वास. बसप्पांनी हँडल ओढलं, लाथा मारल्या. शिवम्माला हाक मारली. हाक पत्र्याला आपटून परत तोंडावर आली. फोन घरी राहिला होता. छातीला दोन्ही बाजूंनी काहीतरी दाबत होतं. हळू. मोजून.

मागे टेबलावर आवाज आला.

टक...

टक...

ताठ बसलेला रॉड चकतीवर आपटत होता.

"भुजंगराव," बसप्पा कसेबसे म्हणाले, "लिहितो. लिहितो मी त्यांना."

शटरखाली उजेडाची रेघ आली. दोन ब्लेडांएवढी.

ते पोटावर पालथे झाले. बिलबुक चाचपडून ओढलं, कानामागची पेन्सिल काढली आणि त्या रेघेत लिहू लागले.

"इंजिनात काही दोष असावा..."

रेघ मिटली.

टक. टक. टक. आता कानाशी.

श्वास आत जाईना. अंधारातच त्यांनी ती ओळ खोडली. आयुष्यभर इतकी पुस्तकं वाचली, पण हे दोन शब्द लिहायला हात उचलेना.

चूक माझी.

रेघ परत आली. हवा आली. बसप्पा लहान मुलासारखे रडत पुढचं लिहीत गेले.

"अवो! असं उपडं पडून काय करायलाव? पाच वाजले!"

शिवम्मा वाकून आत आली होती. शटर कमरेइतकं होतं. जसं तिनं सोडलं होतं तसंच.

"तू... उघडलंस?"

"काय उघडू? उघडंच तर हाय. ऊन बाधलं तुमाला. बघा, डब्याला हात बी लावला न्हाई."

टेबलावर क्रँक होता. बसप्पांनी भीत भीत रॉडला बोट लावलं. तो अलगद फिरला. चार ब्लेडं बाजूला ओळीनं मांडून ठेवलेली. तो चौथ्यांदा कुणी दाबला, ते बसप्पांना आजही ठाऊक नाही. तेव्हापासून ते एकटे गॅरेज उघडत नाहीत.

सोमवारी ते पोस्टात गेले. मनकर्णाबाई हयात आहेत की नाहीत, त्याच पत्त्यावर आहेत की नाहीत, काही माहीत नव्हतं. पाकिटात बिलबुकाचा तोच कागद होता. "तुमचे मालक प्यायले नव्हते. इंजिन धरलं. चूक माझी होती. हे पत्र लेकीला दाखवा, सासरच्यांना दाखवा, चारचौघांत वाचा."

काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटं करून पाहिलं.

"पाठवणाऱ्याचं नाव कुठंय, काका? त्याबिगर स्पीड पोस्ट होत न्हाई."

ती जागा कोरी होती. बसप्पांनी पेन मागून घेतला. सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं. बसप्पा शिवलिंगप्पा तोडकर, गॅरेजवाले, जिंतूर.

बाईंनी शिक्का मारला, पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि पावती पुढे सरकवली.

"झालं. सरका आता जरा. मागच्या साहेबांना येऊ द्या."

बसप्पा आले तेव्हा पोस्टात दुसरं कुणी नव्हतं. दारही वाजलं नव्हतं.

जळक्या ऑइलचा वास आला.

त्यांनी मागे पाहिलं नाही. पावती खिशात घातली... आणि ते बाजूला सरकले.