अकरा पावलं

ही गोष्ट मी रचली असती, तर शेवट बरा केला असता. पण ही घडलेली आहे. माझ्या सख्ख्या मावशीबरोबर. आणि पुढचा अर्धा भाग मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, अनुभवलाय.

तारीख १९ ऑगस्ट २००८, मंगळवार. दुपारचे तीन.

जागा, अर्जेंटिनातल्या आमच्या कोर्दोबा शहराबाहेरचं लोकरीचं जुनं गोदाम.

तिथे एका मारधाडपटाचं शूटिंग चालू होतं. कुठल्याशा देशात एक हुकूमशहा, कोठडीत कोंबलेली माणसं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत दार फोडून सगळ्यांना सोडवणारा पीळदार दंडांचा नायक. असल्या सिनेमांत हुकूमशहा हमखास मरतो आणि कैदी हमखास घरी येतात.

आमचा अनीबालमामा काही घरी आला नाही.

१९७७ च्या एप्रिलमध्ये, देशात लष्कराची राजवट असताना, लष्करवाल्यांनी त्याला घरातून उचलला. तेवीस वर्षांचा होता. कुठे नेला, कधी मारला, कुणी सांगितलं नाही. आजीला एवढंच हवं होतं, तो कुठे होता ते कळायला. जिवंत मिळेल ही आशा तिने केव्हाच सोडली होती.

लहानपणीच्या पोलिओने मामाचा डावा पाय गेला होता. त्याला लोखंडी पट्ट्या असायच्या. काळजीत असला की घरातल्या बोळात येरझाऱ्या घालायचा. इकडून अकरा पावलं, तिकडून अकरा.

टप... खर्र. टप... खर्र.

माझी ओतिलिया मावशी त्याची धाकटी बहीण. सिनेमात आवाज रेकॉर्ड करायचं काम करते. तोंडाने फटकळ, कामात चोख.

त्यांच्या कामात एक पद्धत असते. प्रसंग झाला की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं आणि मिनिटभर त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. पुढे ती सिनेमात रिकाम्या जागी भरतात.

कोठडीचा प्रसंग संपला. मावशीने कानांवर हेडफोन चढवले.

"कुणी हलायचं नाही," ती म्हणाली.

हुकूमशहाचं काम करणारे ज्येष्ठ नट एवारिस्तो छातीभर पदकं लावून उभे होते. ते पुटपुटले, "सगळा देश माझ्या मुठीत, पण हिच्यापुढे खोकायची माझी टाप नाही."

"पोट गुरगुरलं तरी बाहेर काढीन, एवारिस्तोसाहेब."

सगळे हसले. मग गप्प झाले.

दहा सेकंद गेले. पंधरा...

टप... खर्र.

मावशीच्या कपाळावर आठी पडली. कुणीतरी चालत होतं.

तिने डोळ्यांनीच सगळ्यांचे पाय तपासले. एकही पाय हलत नव्हता. शिवाय आवाज होऊ नये म्हणून फरशीभर जाड घोंगड्या अंथरलेल्या होत्या. आणि हा आवाज तर उघड्या फरशीवरचा होता.

टप... खर्र. टप... खर्र.

अकरा पावलं. मग थांबणं. मग वळणं.

पुन्हा अकरा.

आता कुणालाही वाटेल, तिला लगेच कळलं असेल. नाही कळलं. तीस वर्षांच्या सवयीने तिला फक्त एवढंच दिसलं, की कुणीतरी तिचं काम नासवतंय.

चार... पाच... सहा... सात...

"अरे, गप्प बस ना एका जागी!" मावशी कडाडली.

आवाज थांबला.

चटकन. जणू आज्ञा पाळावी तसा.

आणि मग तिला आठवलं. हेच शब्द ती आधी एकदा बोलली होती. त्या एप्रिलच्या रात्री. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती आणि बाहेर बोळात मामाच्या येरझाऱ्या. ती खोलीतून ओरडली होती आणि तो बिचारा बसला होता. अर्ध्या तासाने दार वाजलं.

हे तिने आजीलाही कधी सांगितलं नव्हतं.

"काय ग ओती?" दिग्दर्शक ब्रुनो म्हणाला. "कुणावर ओरडलीस? सगळे पुतळे झालेत की!"

"पुन्हा घेऊ," ती म्हणाली.

पुन्हा घेतलं. काही नाही.

पुन्हा. काही नाही.

मावशीने चौदा वेळा सगळ्यांना उभं केलं. ब्रुनो हात जोडायचा बाकी राहिला. आधी चेष्टा करणारे एवारिस्तोही पदकं काढून मुकाट्याने उभे राहिले. शेवटी तिने पहिलं रेकॉर्डिंग लावून ऐकलं.

नुसती शांतता. आणि शेवटी तिची स्वतःची आरोळी.

माइकची काठी धरणारा कासिमिरो तिच्या जवळ आला. त्याच्याही कानांवर हेडफोन होते.

"मलाही ऐकू आलं, ओती," तो हळूच म्हणाला. "पण मला काही विचारू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

त्या गोदामात कधी कैदी ठेवले होते का, हे विचारायला मावशी सरकारी कचेरीत गेली. तिथले म्हणाले, "बाई, ते गोदाम होतं. लोकर सोडून तिथे कधी काही ठेवलं नव्हतं. तसा कागद नाही."

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. लेकीचं नाव पडद्यावर बघायचं म्हणून आजी हट्टाने आली. दुपारचा खेळ. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मावशी. आजीला तेव्हा कमी ऐकू यायचं. बंदुकांचा एवढा दणदणाट चालू असूनही ती डुलकी घेत होती.

मग कोठडीचा प्रसंग आला. नायक दार फोडणार, त्याच्या आधीची शांतता, मावशीने त्या दिवशी पहिल्यांदा रेकॉर्ड केलेली.

चित्रपटगृहात कुणीच काही ऐकलं नाही. मीही नाही.

पण आजी ताठ बसली... तिने माझा हात धरला आणि बोटाने मनगटावर ठोके द्यायला लागली. मी मोजले.

अकरा.

थांबली. पुन्हा अकरा.

मग सात. आणि बोट हवेतच राहिलं.

"आजी? काय झालं?"

"थांबला ग बाई," ती मावशीकडे वळून म्हणाली. "आपला अनीबाल. मधेच थांबला. कुणीतरी ओरडलं वाटतं त्याच्यावर."

मावशीची ती आरोळी सिनेमात नव्हती. ती कापून टाकली होती. सात पावलांचं तर तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मावशी तिथेच तोंडावर हात ठेवून रडली. सगळं सांगितलं आजीला. एप्रिलचंही. आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. दोन वर्षांनी आजी गेली. तिला हवं होतं ते कळलं होतं, पण कागदावर ते आजही कुठे नाही.

गोदाम अजून उभं आहे. मावशी आता सेटवर कुणालाच गप्प करत नाही, ते काम दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगते. दर महिन्याला ती तिथे जाते. एकदा मी बरोबर गेलो होतो आणि पुन्हा ते बघायची माझी हिंमत नाही. कोठडीचा प्रसंग झाला त्या रिकाम्या जागेत ती बसते, हेडफोन लावते आणि तासन् तास वाट बघते.

आतापर्यंत एकही पाऊल वाजलेलं नाही.

"चाल ना रे, अनीबाल," ती अंधारात म्हणत असते. "कर आवाज. हवा तेवढा कर."