मास्तरांचा बेस

ही गोष्ट माझ्या भाऊजींची आहे. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची. त्यामुळे कुणी "ऐकीव असेल" म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मी तिथेच होतो, हातात चहाचा ट्रे घेऊन.

रात्रबित्र नव्हती. दिवे गेलेले नव्हते. रविवारची रखरखीत दुपार होती आणि आम्ही ताईच्या घरातल्या वरच्या खोलीत बसलो होतो.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. मोटारीची घरघर ऐकून कुठे काय झिजलंय ते सांगायचे, उघडून बघायची गरज नसायची. पण जीव सगळा बेस गिटारमध्ये. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती वेगळी अशी ऐकू येत नाही, पण बंद केली की गाणं पोकळ होतं.

असे अकरा बेस त्यांच्या त्या खोलीत भिंतीला टांगलेले होते. ताई म्हणायची, "मला सवती किती, हे पाहुण्यांनी मोजावं."

बँडमध्ये बेसवाल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून भाऊजी आणि त्यांचे दोन मित्र अधूनमधून एकमेकांकडे बघायला जमायचे. एक लंबू, दुसरा डेंटिस्ट. आपापली वाद्यं घेऊन यायची, मांडायची आणि मनसोक्त मिरवायचं.

त्यांचा एक नियम होता. वाद्य दाखवायचं तर आधी त्याची कुळकथा सांगायची. कुणाचं होतं, कुणाच्या हातून आलं, कसं आलं. ते सांगितल्याशिवाय अ‍ॅम्पची, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची, केबल लावायची नाही. आणि कुळकथेत खोटं बोलायचं नाही, हे वेगळं सांगायची कधी वेळच आली नव्हती.

त्या दुपारी लंबूनं सहा तारांचा बेस काढला.

"चार धड वाजत नाहीत तुला," डेंटिस्ट म्हणाला. "वरच्या दोनांवर काय कपडे वाळत घालणार?"

"आणि तुझे बघ! घासूनपुसून चकाचक. तोंड उघडायला घाबरतात, पेशंटसारखे."

सगळे हसले. भाऊजी मात्र गालातल्या गालात हसत होते. हुकमाचं पान त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

त्यांनी कोपऱ्यातली काळी पेटी पुढे ओढली.

दोघं एकदम पुढे सरकले. ती पेटी ते ओळखत होते.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं. मास्तर म्हणजे भाऊजींचे गुरू. त्यांनी आयुष्यभर एकच बेस वाजवला. तारासुद्धा त्याच, वर्षानुवर्षांच्या. बेसवाल्यांमध्ये हे वेडेपणाचं समजत नाहीत. नव्या तारा टणटणतात. जुन्या तारा बोटांचा घाम पिऊन मुरतात, मऊ आणि खोल बोलायला लागतात. मास्तरांचा आवाज म्हणजे त्या तारा.

मास्तर अंथरुणाला खिळले, तेव्हा भाऊजी "जरा साफसूफ करून आणतो, रविवारी परत देतो" असं सांगून बेस घेऊन आले.

तो रविवार काही उजाडला नाही.

मास्तरांच्या मुलीचे फोन यायचे. "काका, बाबा बेस मागतायत. एकदा मांडीवर घ्यायचाय म्हणतात."

"हो हो, आणतोच," भाऊजी म्हणायचे आणि फोन ठेवून बेसवरून फडका फिरवायचे.

मग मास्तर गेले. ताई मागेच लागली, "अहो, आता तरी नेऊन द्या." भाऊजी म्हणाले, "देतो गं. एकदा ह्या दोघांना दाखवू दे."

तर ती पेटी उघडली. आतला बेस नुसता झगमगत होता.

"कुळकथा," लंबू हळूच म्हणाला.

भाऊजींनी बेस मांडीवर घेतला. घसा साफ केला. "मास्तरांनी स्वतःच्या हातानं माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, आता हा तुझा."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी ट्रेकडे बघितलं.

आणि तेवढ्यात...

भिंतीवरचे अकराच्या अकरा बेस झणझणले.

अगदी बारीक. कुणी हलकेच फुंकर मारावी तसे.

"ट्रक गेला असेल," डेंटिस्ट म्हणाला. मी खिडकीशीच होतो. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग डेंटिस्टनं वाकून बघितलं. "तारा नव्या आहेत?"

"काळ्याकुट्ट पडल्या होत्या रे. शोभेना. बदलल्या."

"जुन्या कुठायत?"

"टाकल्या. कचऱ्यात."

डेंटिस्टचा चेहरा खर्रकन उतरला. "मास्तरांच्या तारा... कचऱ्यात?"

भाऊजींनी अ‍ॅम्प चालू केला. केबल लावली आणि सगळ्यात जाड तारेवर अंगठा मारला.

धम्म...

माझ्या छातीत जाणवलं ते. मऊ. खोल. जमिनीखालून आल्यासारखं.

नव्या तारांचा तो आवाज नव्हता. तो आवाज खोलीतले सगळे ओळखत होते. लंबूच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाऊजींनी कपाळाला आठी घातली. "अ‍ॅम्प गेला का?"

"नाटकं नको," लंबू म्हणाला. "पुढे वाजव."

"अरे, आवाज कुठाय?"

त्यांनी बटण पूर्ण फिरवलं. पुन्हा तार छेडली. माझ्या हातातल्या ट्रेमधले कप थडथडले, चहा बशीत सांडला. भाऊजी त्या थडथडणाऱ्या कपांकडे बघत होते. त्यांना कप ऐकू येत होते... तार ऐकू येत नव्हती.

ते पांढरेफटक पडले. चटका बसल्यासारखे त्यांनी दोन्ही हात वर उचलले.

बेस मांडीवर होता. तारांना कुणाचाही हात लागलेला नव्हता.

आणि आवाज... चालूच राहिला.

एकामागून एक सूर. संथ. मास्तर वाजवायचे तसे, कसलीही घाई नसल्यासारखे.

डेंटिस्टनं झेप घेऊन प्लग उपटला. तरी पुढचे दोन सूर आलेच. मग सगळं शांत झालं. ताई माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतली होती मला.

त्या दुपारी भाऊजींनी भिंतीवरचा एकेक बेस काढून वाजवून बघितला. वरच्या तारा ऐकू येत होत्या. सगळ्यात जाड तार अकराही बेसवर मुकी होती. फक्त त्यांच्यासाठी.

दोन्ही मित्र आपापली वाद्यं उचलून गेले. त्या खोलीत ते परत आले नाहीत.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "खालचे सूर ऐकू येत नाहीत तुम्हाला. कानात दोष तर काही दिसत नाही. पण मला एक सांगा, मध्येच सारखं बटण का दाबत होता? तेव्हा मी आवाज सोडलेलाच नव्हता."

 परत येताना गाडीत भाऊजींनी ताईला सांगितलं, "मास्तर वाजवत होते."

दुसऱ्या दिवशी ताईनं बेस पेटीत घातला आणि आम्ही तिघं मास्तरांच्या घरी गेलो.

मुलीनं दार उघडलं. "या" म्हणाली नाही. ताईनं उंबऱ्यातच पेटी उघडली. बेस बघून ती खाली वाकली. तिनं तो छातीशी धरला, मग तारांवरून बोट फिरवलं... आणि थांबली.

"बाबांच्या तारा?"

भाऊजी खाली बघत राहिले. शेवटी ताईनंच सांगितलं.

 मुलीनं बेस पुन्हा पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

"शेवटी शेवटी बाबांची नुसती बोटं हलायची," ती म्हणाली. "चादरीवर. मला आधी कळेना. मग कळलं, वाजवतायत. चादरीवर वाजवत होते ते, काका."

"चुकलं माझं," भाऊजी म्हणाले.  "हात जोडतो. ठेवून घे हा."

"नाही. बाबा जायच्या आधी एकदाच बोलले. म्हणाले, माझा आवाज त्याच्याकडे राहिलाय, मी त्याचा घेऊन जातो." तिनं पेटी पायानं आमच्याकडे सरकवली. "जातील घेऊन. सावकाश नेतील. त्यांना घाई कधीच नव्हती."

दार लागलं.

मला तिचा राग आला नाही. भाऊजी माझेच आहेत, पण खरं सांगतो, तिच्या जागी मी असतो तर मीही दार लावलं असतं.

ह्या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. आधी सगळ्यात जाड तार गेली. मग तिच्या वरची. मग चारही. मोटारीची घरघर ऐकू येईना, तेव्हा कंपनीनं भाऊजींना टेबलावरच्या कामाला बसवलं. मग पुरुषांचे आवाज जायला लागले. मी फोन केला की ते म्हणतात, "कोण आहे? बोलत का नाही?" आणि फोन ताईकडे देतात. समोर असलो की माझ्या ओठांकडे बघत राहतात.

बेस कुणाला देऊन टाकायचं धाडस ताईला होत नाही. वरची खोली कुलूपबंद आहे. भाऊजी मात्र जिन्यात जाऊन बसतात. डोळे मिटून, पायानं ठेका धरून. मला तिथे काहीच ऐकू येत नाही. मी मुद्दाम कान देऊन बघितलंय.

परवा ताईकडे गेलो होतो. ती स्वयंपाकघरातून भाऊजींना जेवायला हाक मारत होती. आवाज भलताच चिरका, किनरा. लहान मुलीसारखा. मला हसू आलं.

"घसा बसला की काय गं?"

ताई वळली. माझ्याशी बोलताना तिचा नेहमीचा आवाज आला. डोळे भरलेले होते.

"नाही रे," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यापासून माझा हा आवाज ह्यांना ऐकू येत नाही."