मातृदेवीच्या तोंडावरचा डाग

"शी, शी, शी!" हृषिकेशनं नाकाला रुमाल लावला. "थुंकलंय कुणीतरी. थेट देवीच्या तोंडावर!"

र्‍हाईनकाठच्या त्या रोमन शहराच्या अवशेषांत, छपराखाली तीन मातृदेवींची शिळा उभी होती. तिघींच्या मांडीवर फळांच्या टोपल्या. मधल्या देवीच्या नाकावरून लालभडक ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. बसस्टँडच्या भिंतीवर दिसतो तसला.

धम्मदीपा मात्र वाकून, अगदी जवळून बघत होती. जर्मनीतल्या आखन शहरात तिची खासगी गुप्तहेराची कचेरी होती. आजारपणाची रजा टाकून दुसरीकडे राबणारे नोकर पकडणं हा तिचा रोजचा धंदा. हृषिकेश तिचा भागीदार. हिशेब चोख, डोकं जरा सावकाश. आज दोघं मराठी मंडळाच्या सहलीला म्हणून आले होते.

सहल दाखवणारा सुगत पांढराफटक पडला होता. रोमन काळाचा जाणकार, इथला संशोधक. सकाळपासून काय रंगून सांगत होता! स्नानगृहाच्या फरशीखालून गरम हवा कशी खेळायची, सार्वजनिक शौचालयात माणसं मांडीला मांडी लावून कशी बसायची, आणि काठीला बांधलेला एकच स्पंज सगळे कसे वापरायचे. तो स्पंज ऐकून हृषिकेशची निम्मी भूक तेव्हाच मेली होती.

संचालिका फ्राऊ ब्रांट आल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"आज इथं एकच गट आहे, सुगत. तुमचा. मराठीतून सहली ही कल्पनाही तुमची. उद्या तुमच्या फेरट्रागवर सही करायची होती. आता मला विचार करावा लागेल."

फेरट्राग म्हणजे नोकरीचा करार. तो या महिनाअखेर संपत होता. करार नाही तर राहण्याचा परवाना नाही, आणि परवाना नाही तर दोन महिन्यांवर आलेलं लग्नही नाही. सुगतची होणारी बायको उर्जा तिथंच उभी होती. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"आम्हाला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," धम्मदीपा म्हणाली. "आणि तोवर त्या दगडाला कुणी हात लावायचा नाही."

"गेनाऊ, बरोबर," फ्राऊ ब्रांट म्हणाल्या. "बंद व्हायच्या आत मला नाव हवं."

तोवर जेवणाची वेळ झालीच होती. सगळे बाकांवर बसले, डबे उघडले. लताकाकूंनी मसालेभात वाढला. काकू सोलापूरच्या, मुलाकडे, हरीशकडे, राहायला आलेल्या. हरीश गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. त्याची तंबाखूची सवय सगळ्या मंडळाला ठाऊक होती. साहजिकच सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे.

"मी नाही हं!" हरीश तडकला. "मी टिश्यूत थुंकतो. हे बघा!" त्यानं खिशातून चुरगळलेली टिश्यू काढून उलगडली.

"अरे, जेवताना काय दाखवतोस!" हृषिकेश ओरडला. हातातला घास त्यानं परत डब्यात ठेवला.

धम्मदीपानं मात्र टिश्यू नीट बघितली. मळकट, तपकिरी. "आज किती वेळा खाल्लीस?"

"एकदाच, आखनहून निघायच्या आधी. नंतर चुन्याची ट्यूबच मिळेना. गाडीत पुढं ठेवलेली आठवतेय."

"कुणाच्या गाडीत?"

"रुपेशच्या. आम्ही सगळे त्यातूनच आलो."

रुपेश उर्जाचा मोठा भाऊ, मंडळाचा अध्यक्ष. बोलायला मोकळा, सगळ्यांना धरून असणारा. हृषिकेशला तो फार आवडायचा. उर्जानं सुगतचं नाव घरात सांगितलं तेव्हा हाच म्हणाला होता, जात कोण बघतं आता? त्याची आज संकष्टी होती. साबुदाण्याच्या खिचडीवर लिंबू पिळत तो हळहळला, "हरीश, चूक झाली असेल तर मान्य कर बाबा. सुगतचं आयुष्य आहे रे!"

"नाही म्हटलं ना!"

"काकू, तुम्ही पानं आणलीत ना?" धम्मदीपानं विचारलं.

"आणलीत की, पण अजून कुणाला दिलीच नाहीत. आणि त्यात काथ नाही बाई, चुना नाही. नुसतं गुलकंद न् बडीशेप. जीभसुद्धा रंगायची नाही." काकूंचे डोळे भरून आले. "सकाळी त्या देवींना हळद लावायला गेले, कुंकू घरीच विसरलं होतं. सुगत म्हणाला, काकू, दगडाला काही लावायचं नसतं. बरोबरच होतं त्याचं. मग रुपेशनं डबी घेतली, द्या काकू, मी सांभाळतो म्हणाला. मी कशाला देवीवर थुंकू?"

"स्नानगृह बघताना कोण कोण मागं राहिलं होतं?"

"मी इथंच, या बाकावर," काकू म्हणाल्या. "गुडघे दुखत होते."

"मी ट्यूब शोधत बॅग उपसत होतो, फाटकापाशी," हरीश म्हणाला.

"आणि मी गाडीत चार्जर आणायला गेलो होतो," रुपेश म्हणाला. "आल्झो, म्हणजे सगळेच एकेकटे होतो. कुणाचं काय सिद्ध होणार?"

हृषिकेशनं डबा बंद केला. त्याची बोटं मसाल्यानं पिवळी झाली होती. हरीशची पिवळी, काकूंची पिवळी, रुपेशची नखं पिवळी. त्या सगळ्या बोटांचीच त्याला शिसारी आली. धम्मदीपानं मात्र दुसऱ्यांदा भात घेतला, चाटूनपुसून खाल्ला, आणि उठताना लिंबाची एक फोड बरोबर घेतली.

"चला. फ्राऊ ब्रांटना बोलवा."

सगळे शिळेपाशी जमले. धम्मदीपाच्या सांगण्यावरून सुगतनं ओल्या कापसानं डाग अलगद टिपला. कापूस लाल झाला. तिनं त्यावर लिंबू पिळलं.

कापूस बघता बघता पिवळाधमक झाला.

"अगं बाई!" लताकाकू म्हणाल्या. "हे तर हळद-चुन्याचं पाणी! आमच्याकडं नवरा-नवरीला ओवाळतात ते!"

"तेच. पानाचा रंग लिंबानं फिका होतो, असा पिवळा होत नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की परत पिवळी. इथं कुणीच थुंकलेलं नाही. आणि थुंकणारा कोपरा बघतो, नाहीतर पाया. तोंड नेमून कोण थुंकतं? लगेच दिसावं, असं ज्याला हवं तो."

"मग हळद माझीच की!" काकू घाबरल्या.

"तुमची, पण डबी तुमच्याकडे नव्हती. चुना हरीशचा, पण तो राहिला गाडीत, आणि गाडीची किल्ली एकाच्याच खिशात होती." धम्मदीपा वळली. "रुपेश, काकूंची डबी द्या."

रुपेशनं जॅकेटमधून डबी काढली. काकूंनी झाकण उघडलं. "अरे! निघताना काठोकाठ भरली होती, आता निम्मीच आहे."

"सांडली असेल," रुपेश हसला. "एवढ्यावरून?"

"तुमची नखं पिवळी आहेत."

"सगळ्यांचीच आहेत! मसालेभातानं—"

तो मध्येच थांबला.

"सगळ्यांनी भात खाल्ला," धम्मदीपा म्हणाली. "तुमची संकष्टी. उपासाच्या खिचडीत हळद घालत नाहीत, आणि तुम्ही दुसऱ्या कशाला शिवला नाहीत. बोटं पुसलीत, पण नखांतला लाल रंग राहिला. त्यावर खिचडीचं लिंबू पिळलंत. जेवायला बसेपर्यंत तुमचे हात जॅकेटच्या खिशातच होते, ते मी बघत होते."

सुगतनं फ्राऊ ब्रांटना जर्मनमध्ये सगळं सांगितलं.

"का?" उर्जानं विचारलं. "दादा, का?"

"तुझ्यासाठी," रुपेश म्हणाला. "करार गेला असता, तो परत गेला असता, सगळं आपोआप मिटलं असतं. कुणाचं मन दुखलं नसतं. मला काही नाही गं, पण आईला नातेवाइकांत तोंड दाखवायचंय. बौद्धांत मुलगी दिली म्हणून..."

"मन दुखलं नसतं?" उर्जा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "त्याला देशोधडीला लावणार होतास, हरीशला थुंकणारा ठरवणार होतास, आणि वर हळहळत होतास! मला किळस येते तुझी."

फ्राऊ ब्रांटनी रुपेशला कचेरीत यायला सांगितलं, पोलिसांत तक्रार होणार होती. मग त्या सुगतकडे वळल्या. "मी घाई केली. माफ करा. सही उद्या सकाळी." सुगतनं मान हलवली. हसला नाही. तो डाग मुरायच्या आत कापूस भिजवून देवीचं तोंड पुसायला लागला, आणि उर्जा त्याच्या शेजारी वाडगा धरून उभी राहिली.

लताकाकूंनी आपली पिशवी उचलली. "हरीश, त्या गाडीत मी पाय ठेवायची नाही. बस कुठून मिळते ते बघ."

जाता जाता रुपेशनं हृषिकेशचा दंड धरला आणि आवाज खाली आणला. "हृषी, तू तरी समजावून सांग रे उर्जाला. तू आपल्यातला आहेस."

हृषिकेशला सकाळपासून मळमळत होतं. स्पंजनं, डागानं, टिश्यूनं. पण त्याच्या अंगावर खरा काटा आला तो आता. हा माणूस मला फार आवडायचा, आणि यानं मला पहिल्यापासून त्याच्यातला धरलं होतं. माझ्या कुठल्या बोलण्यावरून? कुठल्या गप्प बसण्यावरून?

त्यानं दंड सोडवून घेतला.

"नाही," तो म्हणाला. एवढंच त्याला सुचलं. मग त्यानं काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि सगळ्यांबरोबर बसथांब्याकडे चालू लागला.